रक्त सुधारलं, पाय गेले

‘पर्निशस अ‍ॅनिमिया’, मराठीत सांगायचं तर घातक पांडुरोग. नाव ऐकलं की पांढराफटक चेहरा, धाप आणि रक्ताच्या बाटल्या डोळ्यांपुढं येतात. नाव देणाऱ्यांना तेवढंच दिसलं होतं, त्यामुळं त्यांचा दोष नाही. पण या आजाराची सुरुवात रक्तात होत नाही. ती जठरात होते आणि तिची सगळ्यात जबर किंमत मज्जारज्जू मोजतो. रक्त हा मधला मुक्काम आहे. वैद्यकाची नजर जवळजवळ शंभर वर्षं त्या मधल्या मुक्कामावरच खिळून राहिली. ती तिथून हलवायला जे औषध कारणीभूत ठरलं, त्याचा माग लागला होता आपल्या परळमध्ये.

मी डॉक्टर नाही. या विषयाकडं वळलो तो आत्यामुळं. ती परळला राहायची, म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका होती. लग्न झालं नाही, कारण विशीतच तिच्या हातांवर आणि ओठांच्या कडेला कोड उठलं. पुढचं सांगायची गरज नाही. त्या काळात आणि आपल्या समाजात त्याचा अर्थ काय होता ते सगळ्यांना माहीत आहे. २००६च्या सुमाराला, पासष्टीत, तिला कालवण तिखट लागायला लागलं. जन्मभर बोंबील आणि मांदेलीवर वाढलेली बाई दहीभातावर आली. जीभ आरशासारखी गुळगुळीत आणि लाल झाली होती. पाठोपाठ थकवा आला, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात. घराजवळच्या डॉक्टरांनी लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या दिल्या. तीन महिन्यांत हिमोग्लोबिन साडेदहावर गेलं. सगळ्यांना हायसं वाटलं. त्यानंतर तिच्या पायांना मुंग्या यायला लागल्या.

त्या मुंग्यांचं आम्ही काय केलं ते पुढं सांगतो. आधी लंडनला जायला हवं.

गाइज हॉस्पिटलचे टॉमस अ‍ॅडिसन यांनी १८४९ मध्ये साउथ लंडन मेडिकल सोसायटीपुढं एका विचित्र पांडुरोगाची हकिगत वाचली. रक्तस्राव नाही, क्षय नाही, कॅन्सर नाही. माणूस वाळतही नाही, उलट अंगानं भरलेलाच दिसतो. आणि तरी हळूहळू फिका पडत जाऊन मरतो. १८५५ मध्ये मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींविषयीच्या आपल्या छोट्याशा पुस्तकात त्यांनी हे वर्णन पुन्हा दिलं. खरं तर या पांडुरोगाचं कारण शोधता शोधताच त्यांना त्या ग्रंथींचा आजार सापडला होता. तो आज त्यांच्या नावानं ओळखला जातो. गंमत म्हणजे हे दोन्ही आजार, दुसरा निदान बऱ्याच रुग्णांत, एकाच जातीचे निघाले. पण ते कळायला आणखी शतक जावं लागलं. झुरिचच्या बीर्मर यांनी १८७२ मध्ये ‘प्रोग्रेसिव्ह पर्निशस अ‍ॅनिमिया’ हे नाव दिलं आणि नजर रक्तावर पक्की बसली.

जठराकडं बोट दाखवणारे लोक तेव्हाही होते. अमेरिकेत ऑस्टिन फ्लिंट यांनी १८६० मध्येच जठरातल्या ग्रंथी झिजल्यामुळं हे होत असावं असा तर्क केला होता. लंडनच्या सॅम्युएल फेनविक यांनी १८७०च्या सुमाराला अशा रुग्णांची जठरं मृत्यूनंतर तपासली आणि अस्तर कागदासारखं पातळ झाल्याचं लिहून ठेवलं. अशा जठरात आम्लही तयार होत नसे. पण झिजलेलं जठर आजाराचं कारण आहे की परिणाम, याचा निकाल लागेना. विल्यम हंटर या लंडनच्याच डॉक्टरांनी गुळगुळीत जिभेचं वर्णन इतकं नेमकं केलं की अशा जिभेला अजूनही त्यांचं नाव आहे. कारण मात्र त्यांनी सांगितलं ते किडक्या दातांतला पू. त्यापायी किती रुग्णांचे दात उपटले गेले असतील याची कल्पना करवत नाही.

मज्जारज्जूचीही तीच गत. जर्मन वैद्य लिष्टहाइम यांनी १८८७ मध्ये या रुग्णांच्या मज्जारज्जूत झालेली पडझड दाखवली. १९०० मध्ये लंडनच्या रसेल, बॅटन आणि कॉलियर या तिघांनी तिचं सविस्तर वर्णन केलं. मज्जारज्जूच्या मागच्या बाजूनं जे तंतू वर मेंदूकडं जातात, ते आपला पाय कुठं आहे याची खबर पोचवतात. बाजूचे तंतू मेंदूचा हुकूम खाली आणतात. या आजारात दोन्हींवरचं आवरण गळतं आणि मग तंतू मरतात. आधी मुंग्या, मग बधिरता, मग आपलेच पाय परक्याचे वाटणं. जमीन कापसाची झाल्यासारखी वाटते. दिवसा माणूस डोळ्यांनी पाय सांभाळून चालतो, अंधारात मात्र कोसळतो. पुढं पाय ताठतात आणि लघवीवरचा ताबा जातो. काही रुग्णांत हे सगळं रक्त नीट असतानाच सुरू होत असे. ही नोंद झाली, पण तिचा अर्थ कुणी लावला नाही. पांडुरोगामुळं मज्जारज्जूचं पोषण होत नसेल, असं म्हणून विषय मिटे.

दरम्यान रुग्ण मरत होते. निदानानंतर बहुतेक जण दोनतीन वर्षांत जात. चित्र बदललं १९२६ मध्ये, बॉस्टनला. जॉर्ज मायनॉट स्वतः मधुमेही होते आणि नुकत्याच निघालेल्या इन्सुलिनमुळं वाचले होते. रॉचेस्टरच्या जॉर्ज व्हिपल यांनी कुत्र्यांचं रक्त काढून त्यांना पांडुरोगी बनवलं होतं आणि कशानं रक्त लवकर भरतं ते पाहिलं होतं. यकृत सगळ्यांत सरस ठरलं होतं. त्या धाग्यावरून मायनॉट आणि विल्यम मर्फी यांनी पंचेचाळीस रुग्णांना रोज पावशेराच्या आसपास यकृत, म्हणजे आपली कलेजी, जवळजवळ कच्ची खायला घातली. आठवड्याभरात नव्या तांबड्या पेशींची रक्तात अक्षरशः झुंबड उडाली. मरणाच्या दारातले लोक उठून बसले. तिघांना १९३४चं नोबेल मिळालं. पुढं उमगलं ते असं, की व्हिपल यांची कुत्री मुख्यतः यकृतातल्या लोहामुळं बरी होत होती, म्हणजे माणसाचा आणि कुत्र्याचा आजारच वेगळा होता. चुकीच्या वाटेनं बरोबर गावी पोचण्याचं हे वैद्यकातलं मला सगळ्यांत आवडणारं उदाहरण आहे.

पण कलेजी का लागू पडते? आणि निरोगी माणसाला पावशेर कलेजी न खाता कसं चालतं? हा दुसरा प्रश्न बॉस्टनच्याच विल्यम कॅसल या तरुण डॉक्टरांना पडला. मला तो पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. त्यांनी जे केलं ते वाचताना किळस येते, पण डोकं थक्क होतं. ते सकाळी स्वतः तीनशे ग्रॅम अर्धंकच्चं मांस खात. तासाभरानं घशात बोटं घालून ते बाहेर काढत, आणखी काही तास उबेत ठेवून पातळ होऊ देत आणि नळीवाटे रुग्णाच्या पोटात सोडत. नुसत्या मांसानं रुग्णाचं रक्त हलत नसे. नुसत्या जठररसानंही नाही. दोन्ही एकत्र आले की मात्र आठवड्याभरात नव्या पेशी दिसत. म्हणजे अन्नात एक ‘बाहेरचा घटक’ होता आणि निरोगी जठरात एक ‘आतला घटक’. रुग्णाच्या जठरात तो आतला घटक बनतच नव्हता. हे १९२९ साल. फेनविक यांनी पाहिलेलं पातळ अस्तर साठ वर्षांनी बोलायला लागलं.

नेमक्या याच वेळी मुंबईत एक इंग्रज बाई उंदीर आणि माकडं घेऊन बसल्या होत्या.

ल्यूसी विल्स यांचा जन्म १८८८चा. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकून त्या उशिरा वैद्यकाकडं वळल्या. १९२८ मध्ये डॉ. मार्गारेट बालफोर यांनी त्यांना मुंबईला बोलावलं. बाळंतपणात मरणाऱ्या बायकांची चौकशी चालू होती आणि त्यांतल्या कित्येक जणी पांडुरोगानं जात होत्या. काम हाफकिन संस्थेत, परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसात होतं. रक्तात दिसत ते बीर्मर यांच्या रुग्णांसारखंच: पेशी थोड्या, पण अवाजवी मोठ्या. म्हणून नावही तेच पडलं, ‘गरोदरपणातला पर्निशस अ‍ॅनिमिया’. नाव पुन्हा रक्ताकडं बघून दिलेलं.

विल्स यांचा मोठेपणा असा, की त्या रक्तापाशी थांबल्या नाहीत. डॉ. मेहता आणि डॉ. तळपदे या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी मुंबईतल्या बायकांचं राहणं आणि खाणं तपासलं. तळपदे यांच्याबरोबरची पाहणी १९३०च्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये आहे. गिरणीत राबणाऱ्या आणि पडद्यात राहणाऱ्या गरीब बायका, त्यांतही मुसलमान बायका, सगळ्यांत जास्त आजारी पडत. त्यांच्या ताटात भाजी, फळं आणि प्रथिनं जवळजवळ नव्हतीच. गिरणगावावर आपल्याकडं इतकं लिहिलं गेलंय, संप, कामगार रंगभूमी, शाहिरी. पण तिथल्या गरोदर बाईच्या ताटात १९२९ साली काय होतं हे बघायला आपल्याला अजूनही या वैद्यकीय नियतकालिकाकडं जावं लागतं. त्यात तळपदे हे नाव दिसलं तेव्हा मी उगीचच दोनदा वाचलं.

उंदरांच्या प्रयोगांत उवांमधून पसरणाऱ्या एका जंतूनं घोळ घातला आणि बराच काळ वाया गेला. मग गरीब बायकांसारखाच निकस आहार देऊन माकडांत तसाच पांडुरोग निर्माण केला गेला. आणि औषध सापडलं ते मार्माइट. इंग्लंडात दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टपासून केलेला हा काळपट, खारट लगदा तिथले लोक पावाला लावून खातात. तो स्वस्त होता आणि डबाबंद येत असे. तो देताच मुंबईच्या बायकांच्या रक्तात तशीच नव्या पेशींची झुंबड उडाली, जशी बॉस्टनला कलेजीनं उडाली होती. १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे प्रसिद्ध झालं.

विल्स यांनी आणखी एक गोष्ट टिपली. बॉस्टनचे रुग्ण यकृताच्या शुद्ध अर्कानं बरे होत. मुंबईच्या बायकांना तो शुद्ध अर्क लागू पडत नसे, कच्चा, अशुद्ध अर्क मात्र लागू पडे. शिवाय मुंबईतल्या अनेक बायकांच्या जठरात आम्ल शाबूत होतं आणि मज्जारज्जूची पडझड त्यांच्यात दिसत नव्हती. म्हणजे रक्त अगदी एकसारखं, पण जठर वेगळं, मज्जातंतू वेगळे आणि औषधही वेगळं. १९३७-३८ मध्ये त्या पुन्हा हाफकिनला आल्या. या खेपेला समुद्रावर उतरणाऱ्या विमानानं, इंग्लंड ते कराची पाच दिवसांत. या वेळी त्यांनी आणि बार्बरा इव्हान्स यांनी हाच फरक आणखी पक्का केला. एका नावाखाली दोन आजार नांदत होते.

हे वेळेवर सगळ्यांच्या डोक्यात शिरलं असतं तर पुढचा प्रकार घडला नसता.

मार्माइटमधला तो अज्ञात पदार्थ बरीच वर्षं ‘विल्स फॅक्टर’ म्हणून ओळखला जाई. १९४१ मध्ये टेक्ससच्या संशोधकांनी चार टन पालकातून एक पदार्थ चिमूटभर वेगळा काढला आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फॉलिक अ‍ॅसिड म्हटलं. तो प्रयोगशाळेत बनवला लेडर्ली कंपनीच्या चमूनं, आणि त्या संशोधनाचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमवरमचे. त्यांचा भाऊ स्प्रू नावाच्या आतड्याच्या आजारानं गेला होता. फॉलिक अ‍ॅसिड स्प्रूवरही चालतं हे सिद्ध झालं तेव्हा सुब्बाराव यांना काय वाटलं असेल! विल्स फॅक्टर तो हाच.

१९४५-४६ मध्ये अमेरिकेत टॉम स्पाइज आणि इतरांनी फॉलिक अ‍ॅसिड रुग्णांना दिलं. केवळ आहारातल्या उणिवेमुळं आजारी असलेल्यांना नव्हे, तर अ‍ॅडिसनच्या जातीच्या, जठर झिजलेल्या रुग्णांनाही. रक्त सुधारलं. झपाट्यानं सुधारलं. कलेजीची कटकट संपली, स्वस्तातली पिवळी गोळी आली असं वाटलं. डॉक्टर काय, रुग्ण काय, सगळेच खूश झाले.

आणि मग रुग्ण अडखळत दवाखान्यात परत यायला लागले. हातापायांना मुंग्या, चालताना झोक जाणं, पाय ताठणं. काहींची पडझड तर औषधाच्या आधी होती त्यापेक्षा जास्त वेगानं झाली. रक्ताचे अहवाल मात्र उत्तम. १९४७ मध्ये स्पाइज यांच्याच गटानं आणि हाइनले व वेल्श यांनीही स्पष्ट लिहिलं, की फॉलिक अ‍ॅसिड या रुग्णांचे मज्जातंतू वाचवत नाही. मी हे लेख वाचत होतो तेव्हा एक गोष्ट मनातून जाईना. या रुग्णांना काय झालं होतं हे रक्तानं सांगितलंच नसतं. पांडुरोग ही त्यांच्यासाठी धोक्याची घंटा होती. गोळीनं आजार बरा केला नाही, घंटा काढून घेतली.

यातला रासायनिक भाग पुढच्या वर्षांत उलगडला. कॅसल यांचा ‘बाहेरचा घटक’ म्हणजे बी-१२ हे जीवनसत्त्व. ते १९४८ मध्ये अमेरिकेत मर्क कंपनीच्या आणि इंग्लंडात ग्लॅक्सोच्या संशोधकांनी जवळजवळ एकाच वेळी वेगळं काढलं. लालभडक स्फटिक. न्यूकॅसलच्या अंग्ली यांनी ते अडखळत चालणाऱ्या रुग्णांना टोचलं आणि ज्यांचे तंतू अजून मेले नव्हते ते सावरले. शरीरात बी-१२ आणि फॉलिक अ‍ॅसिड एका ठिकाणी जोडीनं काम करतात. बी-१२ नसेल तर शरीरातलं फोलेट एका रूपात अडकून बसतं, नव्या पेशी घडवायला मिळत नाही आणि रक्त बिघडतं. वरून फॉलिक अ‍ॅसिडचा मोठा डोस दिला की हा अडथळा वळसा घालून ओलांडता येतो आणि रक्ताचं काम चालू होतं. पण मज्जातंतूंवरचं आवरण राखायला बी-१२च लागतं, तिथं वळसा नाही. मुंबईच्या बायकांना उणीव फोलेटची होती म्हणून मार्माइट त्यांना पुरलं. बॉस्टनच्या रुग्णांत फोलेट होतं, बी-१२ नव्हतं.

आता उरला ‘आतला घटक’. जठर का झिजतं? १९५०च्या दशकात डुकराच्या जठरापासून काढलेला आतला घटक रुग्णांना बी-१२सोबत तोंडानं देत असत. काही महिन्यांनी तो लागू पडेनासा होई. त्यांच्या रक्तात त्या घटकाला निकामी करणारं काहीतरी असतं हे दशकाच्या अखेरीस दिसलं. पण ज्यांना डुकराचा घटक कधी दिलाच नव्हता अशा रुग्णांच्या रक्तातही ते सापडलं, तेव्हा चक्रं वेगानं फिरली. म्हणजे शरीर आपल्याच घटकाविरुद्ध प्रतिद्रव्यं बनवत होतं. १९५६ मध्ये लंडनच्या आयव्हन रॉइट आणि डेबोरा डोनियाक यांनी गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीवर उलटणारी अशीच प्रतिद्रव्यं शोधली होती. १९६२ मध्ये जठराच्या आम्ल बनवणाऱ्या पेशींविरुद्धचीही सापडली. १९६५ मध्ये लंडनच्या दोन संशोधकांनी काही रुग्णांना स्टेरॉइड दिलं, म्हणजे ही उलटलेली फौज जरा दाबली, तर झिजलेल्या जठरातही थोडा आतला घटक पुन्हा पाझरायला लागला. औषध म्हणून याचा उपयोग नाही, पण पुरावा म्हणून याहून चांगलं काय हवं?

तर अ‍ॅडिसन यांच्या पांडुरोगाचं खरं स्वरूप असं: ऑटोइम्यून आजार, म्हणजे शरीराची राखणदार फौज आपल्याच जठराच्या पेशी परक्या समजून मारते. आम्ल बंद, आतला घटक बंद, आणि त्यामुळं लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बी-१२ शोषलं जात नाही. यकृतातला साठा तीनचार वर्षं पुरतो, म्हणून कळ लागायला वेळ लागतो. जेवणात काय आहे याच्याशी संबंध नाही. रोज कलेजी खा नाहीतर बोंबील, आत शिरणार नाही. आणि ही उलटलेली फौज एकाच अवयवावर थांबेल असं नसतं. त्याच माणसात, त्याच घराण्यात थायरॉइडचे विकार, लहानपणीचा मधुमेह किंवा कोड आढळतं.

कोड हा शब्द मी या संदर्भात पहिल्यांदा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. आत्याच्या हातांवरचे ते पांढरे डाग, ज्यांच्यामुळं तिला बघायला आलेली माणसं चहा अर्धा टाकून उठली होती, ते आणि तिची लाल जीभ आणि तिचे पाय, हे एकाच घरातले भाऊबंद असू शकत होते. पन्नास वर्षं आधीच तो कागद तिच्या हातांवर लिहून ठेवलेला होता. आम्ही तो वाचला तो फक्त लग्न मोडण्यापुरता.

तिच्या मुंग्यांना आम्ही वात म्हटलं. मोहरीच्या तेलानं चोळलं, डॉक्टरांनी वय झालंय असं सांगितलं. फॉलिक अ‍ॅसिड चालूच होतं, कारण रक्त चांगलं होतं ना! पायातली चप्पल मागं राहिलेली तिला कळायची नाही. अनवाणी चालत पुढं जायची आणि रस्त्यातलं कुणीतरी हाक मारायचं. मोरीत तोंड धुताना डोळ्यांवर साबण आला, डोळे मिटले, की ती कोसळायची. असं तीनदा झालं. त्याचा अर्थ मला आज कळतो. डोळे मिटले की पाय कुठं आहेत हे तिला ठाऊकच नव्हतं. बी-१२चा विषय एकदा निघाला होता. तो शाकाहारी लोकांना होतो, तुम्ही तर मासे खाता, असं म्हणून तिथंच संपला.

हे वाक्य महाराष्ट्रात अगदीच निराधार नाही, आणि तीच अडचण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि नॉर्वेच्या हेल्गा रेफ्सुम यांनी २००१ मध्ये पुण्यातल्या दोनशेचार माणसांची तपासणी प्रसिद्ध केली, तर जवळजवळ निम्म्यांत बी-१२ कमी निघालं. आपल्याकडं बी-१२ची उणीव ही मुख्यतः ताटातली गोष्ट आहे, हे खरंच आहे. त्यामुळं उणीव दिसली की ताटाकडं बघायचं आणि मासेखाऊ दिसला की बघायचंच नाही, अशी सवय लागली. जठराकडं कुणी वळत नाही. वास्तविक उपाय दोन्हीकडं वेगळे आहेत. ताटातली उणीव दूधदुभत्यानं, साध्या गोळीनं भरून निघते. जठर गेलेल्याला जन्मभर टोचून घ्यावं लागतं, किंवा गोळीचा डोस इतका मोठा घ्यावा लागतो की त्यातला शेकडा एखादा भाग कसाबसा आपोआप झिरपावा.

याज्ञिक यांच्याच गटाचं २००८चं काम पुण्याजवळच्या खेड्यांतलं आहे. गरोदरपणात ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट भरपूर होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती सगळ्यांत जास्त दिसली. हा आजार वेगळा, पण या दोन जीवनसत्त्वांच्या जोडीतलं एकच वाढवलं की काय होतं हा प्रश्न तोच. १९७०पासून सरकारी योजनेत गरोदर बायकांना लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मिळते. त्या गोळीनं कितीतरी बायका वाचवल्या आहेत. ती बंद करा असं म्हणणारा मी कोण? विल्स यांनी परळला जे पाहिलं होतं त्यावरचा तो रास्त उपाय आहे. बी-१२चा विचार त्या गोळीच्या बरोबरीनं व्हायला हवा, इतकंच माझं म्हणणं.

आत्याचं निदान २०११ मध्ये झालं, तेही अपघातानं. मोरीत पडून मनगट मोडलं म्हणून तिला एका मोठ्या रुग्णालयात नेलं होतं. तिथल्या शिकाऊ डॉक्टर मुलीनं प्लास्टर होईपर्यंत वेळ होता म्हणून असेल, तिची जीभ बघितली, हातांवरचे डाग बघितले आणि कुठूनतरी कंप पावणारा चिमटा आणून तिच्या घोट्यावर टेकवला. “काय वाटतंय, आजी?” आत्या म्हणाली, “गार लागतंय.” कंप तिला जाणवलाच नव्हता. दुसऱ्या पायावरही नाही, गुडघ्यावरही नाही. हिमोग्लोबिन त्या दिवशी अकरा होतं. बी-१२ यंत्राला मोजता येईल त्याच्याही खाली. आतल्या घटकाविरुद्धची प्रतिद्रव्यं नंतरच्या तपासणीत सापडली.

इंजेक्शनं सुरू झाली. आधी एक दिवसाआड, मग दर महिन्याला. त्या लाल रंगाचं तिला अप्रूप वाटायचं. पहिल्या महिन्यात जीभ बरी झाली आणि तिनं सुकटीची चटणी मागितली. हातांच्या मुंग्या सहा महिन्यांत गेल्या. पाय मात्र फारसे परतले नाहीत. पाच वर्षं उशीर झाला होता. २०१९ मध्ये ती गेली, तोपर्यंत काठी घेऊनच चालली, आणि रात्री दिवा कधी मालवू दिला नाही.

तिच्या कपाटात औषधांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा निघाला. शिक्षिकेच्या सवयीनं तारखेवार लावलेला. २००६ ते २०११ या काळातल्या एकेचाळीस चिठ्ठ्या आहेत. फॉलिक अ‍ॅसिड एकोणचाळीस चिठ्ठ्यांवर आहे. पहिल्याच चिठ्ठीच्या मागच्या बाजूला तिच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलंय: जीभ विचारायची राहिली.